घोडबंदर रोडच्या घरगुती उद्योगांची डिरेक्टरी बनवूया : मोफत ओपन सोर्स लायब्ररी वापरून, पायरी-पायरीने



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण नकाशावर चालणारी एक उद्योग डिरेक्टरी बनवायला घेतली. व्हिडिओत स्क्रीन भराभर पुढे सरकते, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे सावकाश दिल्या आहेत. वही-पेन घेऊन बसा. वाचायला मोबाइल चालेल, करायला मात्र लॅपटॉप असलेला बरा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. ही डिरेक्टरी बनवायला एक संध्याकाळ पुरते. ती जिवंत ठेवायला दर आठवड्याला साधारण दीड तास लागतो. बहुतेक जण त्या एका संध्याकाळचा विचार करतात आणि दीड तासाचा हिशोब विसरतात. म्हणून या पाठात सॉफ्टवेअर थोडं आहे आणि नियम जास्त आहेत.

आधी गरज बघू

घोडबंदर रोडची रचनाच बघा. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे करत रस्ता गायमुखकडे जातो. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये टॉवरच टॉवर. जुन्या ठाण्यात गोखले रोडला किंवा जांभळी नाक्याला चक्कर मारली की कोण काय विकतं ते डोळ्यांनी दिसतं. इथे उद्योग बाराव्या मजल्यावर चालतो. डबे, मोदक, फराळ, ब्लाउजवरचं आरी वर्क, शिकवण्या, मेहंदी, कुंडीतली रोपं. पाटी नाही, शोकेस नाही. बऱ्याच सोसायट्या पाटी लावूही देत नाहीत.

मग गिऱ्हाईक काय करतं? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतं, "उकडीचे मोदक कोण करून देतं?" आठ उत्तरं येतात. संध्याकाळपर्यंत ती सगळी शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडली जातात. पुढच्या संकष्टीला पुन्हा तोच प्रश्न. शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या माणसाला तर ती आठ उत्तरं कधी दिसतच नाहीत, कारण तो त्या ग्रुपमध्ये नाही.

म्हणजे माहिती आहे, पण ती टिकत नाही आणि गेटच्या बाहेर जात नाही. डिरेक्टरीने एवढंच काम करायचं आहे : माहिती टिकवायची आणि गेटबाहेर न्यायची.

ओपन सोर्स लायब्ररी म्हणजे नेमकं काय?

लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे. प्रोग्रामिंगमध्ये लायब्ररी म्हणजे आधीच कोणीतरी तयार करून ठेवलेले कोडचे भाग. चकलीचा सोऱ्या जसा. भाजणी तुमची, मळणं तुमचं, पण सोऱ्या काही आपण घरी घडवत नाही, तयार आणतो. नकाशा दाखवणं, तो बोटाने सरकवणं, त्यावर खुणा लावणं, खुणेवर टॅप केलं की छोटी चौकट उघडणं, ही सगळी कामं सोऱ्यासारखी तयार मिळतात.

आपण जी लायब्ररी वापरणार आहोत तिचं नाव आहे लीफलेट. युक्रेनचे प्रोग्रामर व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिचं वजन साधारण ४२ केबी, म्हणजे सकाळी येणाऱ्या ‘शुभ प्रभात’च्या फोटोपेक्षाही कमी. साध्या मोबाइलवर ती पटकन उघडते, ते यामुळेच.

आता ‘ओपन सोर्स’ म्हणजे फुकट, एवढंच बरेच जण लक्षात ठेवतात. नीट समजून घ्या, कारण तुम्ही उद्या यावर धंदा करणार आहात. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे नियम वेगळे आहेत.

१. लायब्ररी, म्हणजे लीफलेट. हिचा परवाना बीएसडी प्रकारचा आहे. व्यवसायासाठी वापरा, बदल करा, कोणाला पैसे द्यायचे नाहीत. अट एवढीच, की मूळ कॉपीराइटची आणि परवान्याची ओळ काढून टाकायची नाही.

२. नकाशाची माहिती, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा प्रकल्प सुरू केला. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या भागातले रस्ते, इमारती, दुकानं त्यात भरतात. वापरायला मोफत, पण नकाशाच्या कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ हे श्रेय दिसलं पाहिजे. ते झाकू नका. आणखी एक. त्यांचे नकाशाची चित्रं पाठवणारे सर्व्हर देणग्यांवर चालतात. लहान पानाला हरकत नाही. रोज हजारो लोक येऊ लागले तर दुसऱ्या कंपनीची नकाशा सेवा घ्यायची, तसं त्यांच्या धोरणातच लिहिलं आहे.

३. तुमची यादी. म्हणजे लोकांची नावं, नंबर, धंदे. ही ना लीफलेटची, ना ओपनस्ट्रीटमॅपची. खरं तर पूर्णपणे तुमचीही नाही. ती त्या त्या माणसाची आहे आणि त्याने तुमच्याकडे विश्वासाने ठेवायला दिली आहे.

ही तिसरी गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सॉफ्टवेअर खुलं असलं म्हणून माणसांची माहिती खुली होत नाही. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

लीफलेटवाल्यांची स्वतःची यादी कशी चालते?

आपल्याला शिकायला एक तयार उदाहरण आहे. लीफलेटला जोडायचे शेकडो छोटे प्लगइन जगभरातल्या लोकांनी बनवले आहेत. कोणी खुणांचे गट करणारं, कोणी शोध-चौकट देणारं, कोणी रस्ता दाखवणारं. या सगळ्यांची एक यादी लीफलेटच्या वेबसाइटवर आहे. ती एकटा माणूस बसून भरत नाही. प्लगइन बनवणारा स्वतः आपली नोंद पाठवतो, सांभाळणारे ती तपासतात, मगच ती यादीत येते.

ती यादी नीट बघितली तर चार गोष्टी दिसतात आणि चारही घोडबंदर रोडला चालतात.

- ठरलेले रकाने. नाव, एका ओळीत काम, बनवणाऱ्याचं नाव, कुठे बघायला मिळेल. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘नंबर वन’ अशा स्वस्तुतीला वेगळा रकानाच नाही.
- नोंद मालक देतो. त्रयस्थाने ऐकीव माहिती भरायची नाही.
- मध्ये एक तपासणारा असतो. आलं की लगेच छापलं, असं होत नाही.
- किती जुनं चालतं ते लिहिलेलं असतं. कोणतं प्लगइन लीफलेटच्या कोणत्या आवृत्तीबरोबर चालतं, याचा रकाना आहे. आपल्याकडे याची जागा ‘शेवटची खात्री’ ही तारीख घेईल.

आपल्या नोंदीत काय हवं?

गुगल शीट उघडा आणि हे दहा रकाने करा. जास्त करू नका. रकाने वाढले की लोक फॉर्म अर्धा सोडतात.

१. उद्योगाचं नाव. नाव ठेवलेलं नसेल तर ‘घरगुती डबा, वाघबीळ’ असं साधं लिहा.

२. काय मिळतं. एक ओळ. ‘शाकाहारी डबा, दोन पोळ्या-भाजी-वरण-भात’ ही चांगली ओळ. ‘घरच्या चवीचा अप्रतिम अनुभव’ ही निकामी ओळ, कारण त्यातून काय मिळतं ते कळतच नाही.

३. प्रकार. आठच ठेवा : डबा व जेवण, फराळ व गोड, बेकरी, शिवणकाम, शिकवणी, सौंदर्य व मेहंदी, दुरुस्ती, इतर. लोकांना स्वतः प्रकार लिहायला दिलात तर ‘टिफिन’, ‘डबा’, ‘मेस’ असे तीन वेगळे ढीग होतील.

४. जवळचा नाका. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असा.

५. रस्त्याची बाजू. डोंगराकडची की खाडीकडची. हा रकाना बाहेरच्या माणसाला विनोदी वाटेल. पण इथे राहणाऱ्याला माहीत आहे, समोर दिसणाऱ्या इमारतीत जायचं म्हटलं तरी पुढच्या नाक्यापर्यंत जाऊन वळून यावं लागतं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ‘जवळ’ म्हणजे ‘त्याच बाजूला’.

६. घरपोच की येऊन न्यायचं. घरपोच असेल तर कुठून कुठपर्यंत.

७. किती आधी सांगायचं. ‘आदल्या रात्री ९ पर्यंत’, ‘दोन दिवस आधी’ वगैरे.

८. संपर्क. शक्यतो धंद्यासाठी वेगळा नंबर.

९. नोंदणी. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर द्यायचा. घरातून विकत असलं तरी ही नोंदणी लागते. नंबर आला की एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर टाकून बघा. फक्त अंक मोजून समाधान मानू नका.

१०. शेवटची खात्री. तुम्ही फोन करून ‘अजून चालू आहे ना?’ असं विचारलं ती तारीख.

नमुना म्हणून एक काल्पनिक नोंद बघा : ‘घरगुती डबा, वाघबीळ | शाकाहारी डबा, सोम ते शनि | डबा व जेवण | वाघबीळ नाका | खाडीकडची बाजू | घरपोच, पातलीपाडा ते कासारवडवली | आदल्या रात्री ९ पर्यंत | …’ वाचणाऱ्याला दहा सेकंदांत कळतं की हे आपल्या उपयोगाचं आहे की नाही. डिरेक्टरीकडून एवढीच अपेक्षा आहे.

इथे थांबा : फ्लॅट नंबर नकाशावर टाकू नका

हा भाग दोनदा वाचा.

घरगुती उद्योग करणाऱ्यांत मोठ्या संख्येने बायका आहेत. त्यातल्या कितीतरी जणी दुपारी घरी एकट्या असतात. तुम्ही उत्साहाने नकाशावर इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर असं सगळं टाकलंत, तर ते फक्त मोदकवाल्या गिऱ्हाइकाला नाही, जगातल्या कुणालाही दिसणार आहे. आणि एकदा कोणी स्क्रीनशॉट काढला की तुम्ही ते परत घेऊ शकत नाही.

म्हणून नियम : नकाशावरची खूण नाक्यावर किंवा कॉम्प्लेक्सच्या मुख्य गेटवर लावायची, घरावर नाही. नेमका पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर उद्योजक स्वतः गिऱ्हाइकाला देईल. ती तिची निवड आहे, डिरेक्टरीची नाही.

दुसरा नियम : दोन वेगळ्या फाइल ठेवायच्या. एक खासगी, जिच्यात पूर्ण नाव, पत्ता, संमतीची तारीख, तुमच्या टिपा. ही फक्त तुमच्याकडे. दुसरी जाहीर, जिच्यात वरचे दहा रकाने आणि खुणेचे अक्षांश-रेखांश. एकाच फाइलमध्ये दोन टॅब करून एक टॅब ‘लपवला’ तर चालेल का? नको. प्रकाशित करताना पूर्ण फाइल निवडली गेली की लपवलेलंही बाहेर जाऊ शकतं. फाइलच वेगळी ठेवली की प्रश्न मिटला.

तिसरा नियम : लेखी संमती. व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी चालेल, पण शब्दांत हवी. हा मजकूर पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर मागा :

"माझ्या उद्योगाचं नाव, कामाची माहिती, जवळचा नाका, नोंदणी नंबर आणि हा मोबाइल नंबर या डिरेक्टरीत सर्वांना दिसेल असा प्रसिद्ध करायला माझी संमती आहे. माझ्या घराचा पत्ता प्रसिद्ध करायचा नाही. मी कळवल्यावर दोन दिवसांत नोंद काढून टाकावी."

यामागे कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट सोपी आहे : संमती कशासाठी ते स्पष्ट सांगून घ्यायची, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. ‘मान्य’ एका मेसेजने घेतलं, तर ‘काढा’ हेही एका मेसेजने झालं पाहिजे. फॉर्म भरा, कारण द्या, असं करायचं नाही.

आणि हो, सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून यादी भरायची नाही. ‘त्यांनी ग्रुपवर टाकलाच होता की’ हे उत्तर नाही. ग्रुपवर टाकला होता तो ग्रुपसाठी.

आता प्रत्यक्ष बनवू

कोडिंग येत नसेल तर यूमॅप वापरा. हेही ओपन सोर्स आहे आणि लीफलेट वापरूनच बनवलेलं आहे. त्यात कोड न लिहिता नकाशा तयार होतो.

पायरी १. ठिकाणं मोजा. त्या त्या गेटवर किंवा नाक्यावर उभं राहून मोबाइलच्या जीपीएसवरून अक्षांश-रेखांश घ्या. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून खुणा उचलून आणू नका, त्या माहितीवर त्यांचे हक्क असतात. वीस नाके, वीस गेट. स्कूटरवर एका सकाळचं काम आहे.

पायरी २. जाहीर फाइलमध्ये दोन रकाने वाढवा. अक्षांशाच्या रकान्याला ‘लॅट’ आणि रेखांशाच्या रकान्याला ‘लॉन’ असं नाव द्या, पण इंग्रजीत आणि लहान लिपीत, म्हणजे यूमॅपला ते आपोआप ओळखता येतं. आपल्या भागात अक्षांश १९.२ च्या आसपास आणि रेखांश ७२.९ च्या आसपास असतो. दोन्हींची अदलाबदल झाली तर तुमचा वाघबीळचा डबा थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसेल. नकाशा रिकामा दिसला तर आधी हेच तपासा.

पायरी ३. शीट प्रकाशित करा. जाहीर फाइलमध्ये ‘फाइल’, मग ‘शेअर’, मग ‘पब्लिश टू वेब’. फक्त तो एक टॅब निवडा, प्रकार सीएसव्ही निवडा. एक लिंक मिळेल.

पायरी ४. यूमॅपमध्ये नवा नकाशा उघडा. त्यात एक लेयर करा आणि लेयरच्या ‘रिमोट डेटा’ या भागात ती लिंक टाका, प्रकार सीएसव्ही. आता शीटमध्ये बदल केला की थोड्या वेळाने नकाशावरही बदल दिसतो. नकाशा पुन्हा बनवावा लागत नाही.

पायरी ५. चौकटीतला मजकूर ठरवा. खुणेवर टॅप केल्यावर नाव, काय मिळतं, बाजू, संपर्क आणि शेवटची खात्री एवढंच दिसू द्या. तारीख नक्की दिसू द्या.

पायरी ६. आईच्या फोनवर तपासा. तुमच्या लॅपटॉपवर छान दिसतं म्हणजे झालं असं नाही. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वाय-फाय बंद करून, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. ‘आपल्या बाजूचा डबेवाला शोधा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. जिथे त्या अडतील तिथे दुरुस्ती करा.

पुढे शोध-चौकट हवी, प्रकारानुसार गाळणी हवी, स्वतःचं डोमेन हवं असं वाटलं, की मग लीफलेट थेट वापरा. ओळखीतल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला हे काम शिकता येईल असं आहे. पान गिटहब पेजेसवर मोफत ठेवता येतं. पण हे तीस नोंदी झाल्यावर. आधी नाही.

यादीचे नियम आधी लिहा, भांडण नंतर टळतं

पहिल्या महिन्यातच कोणीतरी म्हणेल, "आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी एक केकवाली आहे, तिचं नाव नका टाकू." काय करणार? त्या क्षणी ठरवायला गेलात तर कोणाचा तरी रोष ओढवून घ्याल. म्हणून पानावर आधीच लिहून ठेवा :

- ठरलेले रकाने भरले आणि संमती दिली, तर नोंद घेतली जाईल. स्पर्धक आहे म्हणून कोणालाही नकार नाही.
- क्रम अक्षरांप्रमाणे किंवा अंतराप्रमाणे. पैसे देऊन वर जाता येणार नाही.
- आम्ही पदार्थाच्या किंवा कामाच्या दर्जाची हमी देत नाही. आम्ही फक्त उद्योग चालू आहे आणि माहिती मालकाने दिली आहे, एवढंच तपासतो.
- तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकू. खोटी माहिती दिलेली आढळली तर नोंद निघेल.
- तीन महिन्यांत खात्री झाली नाही, तर नोंद आपोआप उतरवली जाईल.

सुरुवातीला स्टार रेटिंग देऊ नका. चार माणसांच्या रेटिंगला काही अर्थ नसतो, पण एका वाईट शेऱ्याने घरगुती धंदा बसू शकतो. शिवाय तो शेरा खऱ्या गिऱ्हाइकाचा आहे की मत्सराचा, हे तपासायला तुमच्याकडे साधन नाही.

दीड तासाचा हिशोब

समजा तुमच्याकडे १२० नोंदी आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची खात्री करायची. फोन, बदल, तारीख टाकणं मिळून एका नोंदीला १० मिनिटं धरा. १२० गुणिले १० म्हणजे १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास. तीन महिन्यांचे १३ आठवडे. आठवड्याला साधारण ९२ मिनिटं. हाच तो दीड तास.

आठवड्याला नऊ-दहा फोन. मंगळवारी दुपारी असा ठरावीक वार धरा. शीटमध्ये ‘शेवटची खात्री’ या रकान्याने क्रम लावला की सगळ्यात जुन्या नोंदी वर येतात. वरच्या दहांना फोन करा, संपलं.

हे केलं नाही तर काय होतं? गिऱ्हाईक तीन फोन लावतं. पहिला बंद, दुसरी म्हणते ‘मी वर्षापूर्वीच सोडलं’, तिसरा नंबर दुसऱ्याच कोणाचा तरी. चौथा फोन ते लावत नाही, परत ग्रुपवर जाऊन विचारतं. तुमच्या यादीत बाकी ११७ नोंदी बरोबर असल्या तरी त्याच्या दृष्टीने यादी संपली. म्हणून ३० ताज्या नोंदी ३०० शिळ्या नोंदींपेक्षा जास्त किमतीच्या आहेत. जेवढ्या फोन करून जिवंत ठेवता येतील तेवढ्याच नोंदी घ्या.

यातून पैसे कसे मिळतील?

तुम्ही उद्योजक व्हायला निघाला आहात, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. खरं उत्तर : नुसत्या यादीतून फार मिळत नाही. यादीमुळे शंभर उद्योजकांशी तुमची दर तीन महिन्यांनी बोलणी होतात, त्यांच्या अडचणी तुम्हाला कळतात. कमाई त्या अडचणी सोडवण्यात आहे.

- मेनूकार्ड आणि फोटो. बहुतेक घरगुती उद्योगांकडे नीट दरपत्रकच नसतं. मराठीत स्वच्छ दरपत्रक आणि पाच फोटो, याचं एक ठरावीक पॅकेज करा.
- हंगामी पान. गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, संक्रांतीला तिळगूळ आणि हळदीकुंकवाची वाणं. कॉम्प्लेक्सच्या एकत्रित ऑर्डर गोळा करून चार उद्योजकांत वाटून देणं, ही सेवा आहे आणि तिचं कमिशन उघडपणे सांगून घेता येतं.
- कागदपत्रांची मदत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे. तुम्ही मदतीचे पैसे घेत असाल तर ‘नोंदणी मोफत आहे, मी भरून देण्याच्या मेहनतीचे इतके घेतो’ असं स्पष्ट सांगा. सरकारी फी असल्याचा भास करून पैसे घेणारे खूप आहेत. त्यांच्यात तुमची गणना होऊ देऊ नका.

जाहिरात घेतलीत तर तिच्यावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा आणि यादीपासून वेगळी ठेवा. कोणाकडून पैसे किंवा फुकट माल घेऊन त्याची शिफारस करत असाल, तर तेही सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याचं गणित हेच सांगतं. लोक तुमची यादी उघडतात कारण ती विकलेली नाही. वरचा क्रम एकदा विकलात की लोकांना ते दोन महिन्यांत कळतं.

कल्याण-डोंबिवलीवाल्यांनो, तुमच्यासाठी

पद्धत तीच, पण ‘रस्त्याची बाजू’ हा रकाना जसाच्या तसा उचलू नका. डोंबिवलीत पहिला रकाना असेल पूर्व की पश्चिम, कारण तिथे रूळ ओलांडणं हाच मोठा प्रश्न. प्रत्येक गावात अंतर वेगळ्या गोष्टीने ठरतं. तुमच्या भागात लोक ‘जवळ’ कशाला म्हणतात ते विचारा आणि तो रकाना करा. हे तुम्हाला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मोठ्या ॲपला कळत नाही, आणि तुमचं बळ तिथेच आहे.

आणि तुमची डिरेक्टरी नीट चालू लागली की तिचा सांगाडा दुसऱ्यांना द्या. रिकामी शीट, नियमांचं पान, संमतीचा मजकूर, सगळं. कासारवडवलीतल्या कोणी बनवलेलं कल्याणच्या कोणाला वापरता आलं, तर आपण ओपन सोर्सकडून घेतलेलं थोडं परत केल्यासारखं होईल. फक्त रिकामा सांगाडा द्यायचा. भरलेल्या नोंदी नाही. त्या माणसांनी संमती तुम्हाला दिली आहे, तुमच्या मित्राला नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दहा रकान्यांची रिकामी शीट आणि वेगळी खासगी फाइल तयार करा.

२. तुमच्याच कॉम्प्लेक्समधल्या आणि समोरच्या कॉम्प्लेक्समधल्या मिळून पाच उद्योजकांना प्रत्यक्ष भेटा. संमतीचा मजकूर त्यांना वाचून दाखवा. कोणी ‘नको’ म्हटलं तर धन्यवाद म्हणा आणि विषय सोडा.

३. या पाच नोंदींचा नकाशा यूमॅपमध्ये बनवा आणि मोठ्या माणसाच्या फोनवर तपासा.

४. कॅलेंडरमध्ये खात्रीच्या फोनचा वार आणि वेळ टाका. पुढचे १३ आठवडे.

चौथं काम सगळ्यात आधी केलंत तरी चालेल. पुढच्या व्हिडिओत आपण पाचच्या तीस नोंदी कशा करायच्या आणि पहिल्या हंगामी पानासाठी ऑर्डरचा तक्ता कसा लावायचा, ते बघू. तोपर्यंत कामाला लागा, मंडळी. शुभेच्छा!